घरी बसलं की काम का रखडतं?

हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की ठाणे-नवी मुंबईतल्या असंख्य फोनवर एकच निरोप येतो: उद्या घरून काम करा. एरवीही आता बऱ्याच कंपन्यांत आठवड्यातले दोन-तीन दिवस घरचे असतात. ठाण्याच्या फलाटावरची रेटारेटी वाचते, घोडबंदर रोडवर मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेने सरकत जाणं वाचतं, ऐरोली किंवा महापेला रिक्षासाठी ताटकळणं वाचतं. हिशेबाने दिवसाचे दोन-अडीच तास मोकळे व्हायला हवेत. प्रत्यक्षात दिवसभर लॅपटॉपसमोर बसूनही मुख्य काम तसंच राहतं आणि रात्री जेवणं उरकल्यावर, घर झोपलं की ते करावं लागतं.

याचं कारण बहुतेक जण स्वतःच्या स्वभावात शोधतात. ‘मला शिस्तच नाही’, ‘मी आळशी झालोय’. मला हे पटत नाही. एकाग्र होणं ही मेंदूची एक क्रिया आहे. तिला काही गोष्टी लागतात आणि आपली घरं त्या गोष्टी धरून चालत नाहीत. एकट्या माणसाने कितीही निश्चय केला तरी हे पुरतं सुटत नाही, ते घराने मिळून ठरवावं लागतं. असं का म्हणतोय ते मुळापासून सांगतो.

डोक्यात जागा किती?

काम करताना काही गोष्टी आपण थोड्या वेळापुरत्या मनात धरून ठेवतो. एक आकडा वाचला, दुसऱ्या कागदावर सापडेपर्यंत तो लक्षात ठेवला, दोन्हींत फरक दिसला, तो कशामुळे असेल याचा अंदाज बांधला. या तात्पुरत्या धरून ठेवण्याला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. ती फार छोटी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ साली तोवरच्या अभ्यासांचा पुन्हा आढावा घेतला आणि ती चारच्या आसपास आणली. अनुभवी माणूस पुढे जातो तो डोक्यात जास्त जागा असते म्हणून नाही. अनेक बारीक गोष्टींची तो एकच मोट बांधतो, म्हणून त्याला तेवढी जागा पुरते.

वन बीएचकेमधला स्वयंपाकाचा ओटा डोळ्यांसमोर आणा. पुरणपोळ्या करायला घेतल्या की कणीक, पुरण, पोळपाट, पिठी असं सगळं त्या दोन हात जागेत हाताशी मांडलेलं असतं, म्हणून हात भराभर चालतो. मध्येच कोणी म्हणालं, ‘जरा चहा टाक ना’, तर चहाला लागतात पाचच मिनिटं. पण आधी मांडामांड उचलायची, मग चहा करायचा, मग ओटा पुसून पुन्हा सगळं मांडायचं. कार्यस्मृतीचं तसंच आहे. फरक एवढाच, की डोक्यातली मांडामांड उचलून बाजूला ठेवता येत नाही. ती मोडते, आणि पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते.

एका मिनिटाचा व्यत्यय एका मिनिटात का संपत नाही?

ऐरोलीला घरून जीएसटीचं काम करणाऱ्या एका बाईंचं काम मी जवळून पाहिलं आहे. दरमहा विवरण भरणाऱ्या अशिलांचं ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), २० तारखेला ३बी (गोषवारा आणि कर). मधल्या दिवसांत, १४ तारखेला पोर्टलवर २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, आलं की अशिलाची खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवून बघायची. स्क्रीनच्या डावीकडे खरेदीची यादी, उजवीकडे २बी. एका पुरवठादाराच्या खात्यात ९ हजारांचा फरक दिसतो. त्याने क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) दिली असेल का? की मागच्या महिन्याचं बिल या महिन्यात दाखवलं? तसं असेल तर कराची रक्कमही त्याच प्रमाणात बदलायला हवी, ती बदलली आहे का? हे धागे जुळत येतात आणि इंटरकॉम वाजतो. ‘मॅडम, पार्सल आहे. वर पाठवू?’ ‘पाठवा.’

बोलणं एवढंच. परत बसल्यावर कर्सर त्याच ओळीवर असतो, पण ९ हजारांचा माग कुठवर आला होता ते गेलेलं असतं. शिवाय पार्सलवाला वर यायचाय. बेल वाजेपर्यंत अर्धं लक्ष दाराकडे असतं. यादी पुन्हा वरून वाचायला लागते.

अशा, आधीच्या कामात अडकून राहिलेल्या लक्षाचा अभ्यास संशोधक सोफी लेरॉय यांनी केला आणि २००९ साली तो प्रसिद्ध झाला. एक काम अर्धवट सोडून माणसं दुसऱ्या कामाकडे वळली की पहिलं काम मनातून लगेच जात नाही आणि दुसरं काम त्या प्रमाणात खराब होतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण खुर्चीत परतलो तरी लक्ष मागून येतं. दिवसात असे पंधरा-वीस प्रसंग घडले तर कोणत्याच कामाला पूर्ण माणूस मिळत नाही.

‘पण माझं तर मध्ये मध्ये उठूनही होतं’

होतं, हे खरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली केलेल्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी ईमेलला उत्तरं देण्याचं काम उलट लवकर संपवलं, आणि कामाचा दर्जाही घसरला नाही. मात्र त्यांचा ताण, चिडचिड आणि घाई वाढलेली होती. गेलेला वेळ भरून काढायला माणूस वेग वाढवतो आणि त्याची भरपाई स्वतःच्या अंगातून देतो. फारसं काही न करताही घरी राहिल्याच्या दिवशी संध्याकाळी डोकं का जड होतं, याचं हे एक सरळ उत्तर आहे.

या प्रयोगातलं काम साधं होतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. म्हणून घरी बसण्याआधी कामाचे दोन भाग करावेत असं मला वाटतं. ईमेलला उत्तरं, फॉर्म भरणं, बिलं स्कॅन करून अपलोड करणं, मीटिंगच्या वेळा ठरवणं ही कामं तुटक वेळातही होतात. बेल वाजली, उठलो, परत बसलो, फारसं बिघडत नाही. दुसऱ्या भागात जुळवणीची कामं येतात: हिशेब ताळ्यावर आणणं, कोडमधली चूक शोधणं, अहवाल लिहिणं, परीक्षेचा अवघड धडा समजून घेणं. राखीव, बंद दाराआडची वेळ (तिला मी बैठक म्हणतो) हवी ती फक्त या दुसऱ्या भागासाठी. सगळा दिवस एकाग्रतेने काढायचा बेत केला तर तो पहिल्या आठवड्यातच मोडतो.

फोन: इथे बेल वाजवणारे आपणच

इंटरकॉम दुसरा कोणी वाजवतो, फोन मात्र आपण स्वतः उचलतो. ग्लोरिया मार्क यांनी २००४ च्या सुमारास मोजलं तेव्हा माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या मोजमापात ते ४७ सेकंदांवर आलं आहे. टेक्सास विद्यापीठात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी स्मरण आणि तर्काच्या चाचण्यांत टेबलावर फोन ठेवलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. टेबलावरचे फोनही आवाज बंद करून पालथे ठेवलेले होते. पुढे इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा काहींना तसा फरक दिसला, काहींना नाही. म्हणून यावर मोठा दावा मी करणार नाही. पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला पैसे पडत नाहीत, आणि तो उचलायला उठून जावं लागलं की निम्म्या वेळा आपण उठतच नाही.

यावर लगेच येणारी हरकत रास्त आहे: बँकेचा ओटीपी येतो, मुलाच्या शाळेतून फोन येऊ शकतो, गावी आई एकटी आहे. त्यासाठी फोनमधली ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सोय नीट लावून घ्यावी. त्यात ठरावीक माणसांचेच फोन वाजू देता येतात. त्याच नंबरवरून थोड्या मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तोही वाजू देण्याची सोय असते. शाळेला आणि आईला ‘तातडीचं असेल तर लगोलग दोनदा लावा’ एवढं सांगून ठेवलं की जिवाची घालमेल थांबते. ओटीपी लागणारी कामं बैठकीच्या बाहेर, एकत्र करावीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा पाण्याच्या टँकरचा वाद तासाभराने वाचला तरी टँकर तेव्हाच येतो.

पंखा चालतो, मग मालिका का चालत नाही?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत राहणाऱ्यांना वाहनांची घरघर ऐकूच येईनाशी होते. पावसाचं, पंख्याचं, एसीचंही तेच. पण बाजूच्या खोलीत मालिका सुरू झाली की आवाज त्याहून कमी असूनही ओळ पुढे सरकत नाही. कारण शब्द आणि आकडे लक्षात ठेवताना आपण ते मनातल्या मनात पुटपुटत असतो. बाहेरचं बोलणं नेमकं त्याच वाटेवर येऊन आदळतं. १९७६ साली कोल आणि वेल्श यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि मागे त्यांना न कळणाऱ्या भाषेतलं वाचन लावलं. तरीही चुका वाढल्या. अर्थ कळो न कळो, माणसाचा चढ-उतार असलेला आवाज पुरेसा आहे.

त्यातही एका बाजूचं बोलणं जास्त छळतं. नवरा-बायको दोघं एकाच हॉलमध्ये काम करत असतील आणि एक जण हेडफोन लावून मीटिंगमध्ये असेल, तर दुसऱ्याला फक्त ‘हो... नाही, ते शुक्रवारी... हो, बरोबर’ एवढंच ऐकू येतं. मेंदू गाळलेल्या जागा भरत बसतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे दिसलं होतं: दोघांचा पूर्ण संवाद कानावर पडला तर त्रास कमी, अर्धाच पडला तर जास्त. घरात दोन नोकऱ्या असतील तर कोणाची मीटिंग केव्हा, हे आदल्या रात्री एकमेकांना सांगण्याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे. जुळवणीच्या कामाच्या वेळी पंखा थोडा मोठा करावा, कानात बोळे घालावेत. गाणी लावायचीच तर बिनशब्दांची लावावीत.

वरच्या मजल्यावर फ्लॅटचं इंटीरियर चालू असेल तर मात्र यातलं काही पुरत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ड्रिल सुरू झालं की दिवसाची मर्यादा टिकत नाही, हे ऐकणाऱ्या कोणालाही कळतं. पण रोज भांडण्यापेक्षा सेक्रेटरींकडून तोडफोडीचे दिवस आणि वेळा आधी मागून घ्याव्यात. बऱ्याच सोसायट्या दुपारी ठोकाठोक बंद ठेवतात. त्या महिन्यापुरती आपली बैठक त्या वेळेत सरकवावी.

बैठक किती वेळाची?

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना बसवली. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरलं म्हणून तिला पोमोडोरो म्हणतात. टाळलेल्या कामाला हात घालायला ती उत्तम आहे, कारण २५ मिनिटांची भीती वाटत नाही. पण जुळवणीच्या कामाला मला ती तोकडी वाटते. ओटा मांडून होतो न होतो तोच घंटा वाजते. अशा कामाला सव्वा ते दीड तास सलग मिळावा, आणि दिवसात अशा दोन बैठका झाल्या तरी चांगलं काम झालं असं समजावं. अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सर्वांत चांगले वादकसुद्धा एकट्याने मन लावून करायचा रियाज दिवसाला साधारण चार तासांच्या आसपासच करत होते, आणि दुपारी झोपही काढत होते. आठ तास एकाग्र राहण्याची अपेक्षा स्वतःकडून कोणी करू नये.

बसण्याआधी कागदावर एक ओळ लिहावी. ‘जीएसटीचं काम’ असं लिहून भागत नाही. ‘या पुरवठादाराचा ९ हजारांचा फरक शोधणे’ इतकी नेमकी हवी. आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची सवय म्हणजे उठतानाची. उठावं लागलं, मग ते बेलसाठी का असेना, तर आधी दहा सेकंद घेऊन पुढची पायरी लिहावी: ‘क्रेडिट नोट तपासली, नाही. आता मागच्या महिन्याचं २बी बघ.’ मोडणारी मांडामांड निदान कागदावर राहते. मासिकॅम्पो आणि बॉमिस्टर यांनी २०११ साली दाखवलं की अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी मनात डोकावत राहतात, पण त्या केव्हा आणि कशा करायच्या हे पक्कं ठरवलं, की काम झालेलं नसतानाही त्यांचं डोकावणं कमी होतं. ‘गॅसचा नंबर लावायचाय’, ‘फी भरायचीय’ असे बैठकीत उगवणारे विचारही वेळ घालून बाजूच्या कागदावर उतरवले की मन त्यांना सोडतं.

दार कोणी उघडायचं?

इथवरचं सगळं एकट्याने करता येतं. पण घराची बेल वाजायची थांबत नाही. कचरा, इस्त्रीचे कपडे, कुरिअर, गॅस सिलिंडर, शेजारच्या काकूंची वाटी. प्रत्येक वेळी उठतं कोण? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं नोंदवलं आहे. मुलांचं आणि आजारी माणसांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. घरून काम करणारी स्त्री ही २८९ मिनिटं एकरकमी देत नाही, ती पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांनी तिच्या कामाच्या मधूनच निघतात. एकाग्रतेवरचे बहुतेक सल्ले असं धरून चालतात की चहा कोणीतरी आणून देणार आहे. ज्या बाईने तो करायचा असतो तिला ‘सलग दीड तास बसा’ असं सांगण्यात अर्थ नाही. आधी तिचा दीड तास दुसऱ्या कोणी तरी उचलायला हवा.

घरातली माणसं मुद्दाम त्रास देत नाहीत. ज्यांचं सगळं आयुष्य हातांनी दिसणारं काम करण्यात गेलं, त्यांना लॅपटॉपकडे बघत गप्प बसलेली सून रिकामी वाटते. ती विचार करतेय हे बाहेरून दिसत नाही. म्हणून चिडून उपयोग नाही, सांगावं लागतं आणि कामाची वाटणीही सोबत मांडावी लागते.

‘आई, साडेदहा ते बारा मी आत बसते. तेवढा वेळ बेल वाजली तर तुम्ही बघाल का?’

‘बेल बघीन गं. पण कुकर?’

‘कुकर मी साडेदहाच्या आत लावून बसते. शिट्ट्या झाल्या की तुम्ही फक्त गॅस बंद करा. आणि बारानंतर मी बाहेर. तुमचं बँकेचं काम आज आपण तेव्हा करू.’

यातला शेवटचा भाग फार मोलाचा आहे. बंद दाराची वेळ घरचे तेव्हाच पाळतात, जेव्हा उघड्या दाराची वेळही खरी असते. बारा म्हटलं की बाराला बाहेर यावं. दोघं नोकरी करत असतील तर सकाळची बैठक एकाची, दुपारची दुसऱ्याची, आणि ज्याची बैठक नाही त्याच्याकडे दार, इंटरकॉम आणि मूल. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडलेलं सूत्र घरालाही लागू पडतं: ‘असं झालं तर असं करायचं’ हे आधी ठरलेलं असेल तर ऐनवेळी विचार करावा लागत नाही. पार्सल आलं तर वॉचमनकडे ठेवायला सांगायचं. कचरेवाला आला तर बाबा बघतील. फ्रिजवर कागद लावला की दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं.

मूल चार-पाच वर्षांच्या आतलं असेल तर यातली कोणतीही युक्ती त्याच्यावर चालत नाही आणि चालवूही नये. तिथे दुसरं मोठं माणूस किंवा पाळणाघर लागतं, आणि तो खर्च कामाचाच खर्च समजावा.

मग ऑफिसच बरं नाही का?

काहींसाठी, हो. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका प्रवासी कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. हा आकडा सगळे सांगतात. पण घरी स्वतंत्र खोली असणाऱ्यांनाच त्या प्रयोगात घेतलं होतं, हे क्वचित सांगितलं जातं. प्रयोग संपल्यावर निवड करायला दिली तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी आपली जागा बदलली. आपापलं बघून निवडल्यावर फायदा २२ टक्क्यांवर गेला. ब्लूम यांच्याच २०२४ च्या अभ्यासात आठवड्याचे दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामगिरी कमी झाली नाही. तेव्हा ज्याला निवड आहे त्याने जुळवणीचं काम शांत घराच्या दिवसांना द्यावं, चर्चा आणि मीटिंग ऑफिसच्या दिवसांना. घरापेक्षा ऑफिसात शांतता असेल तर उलटं करावं.

आणि घरात खोलीच नसेल तर?

सिडकोच्या जुन्या एका खोलीच्या घरांत किंवा वर्तकनगरच्या जुन्या वसाहतींत पाच माणसं राहत असतील तर दार बंद करा हा सल्ला निरुपयोगी आहे. तिथे वेळ हीच खोली. घर जागं होण्याआधीचे पहाटेचे दीड-दोन तास अनेकांना पुरतात, फक्त त्यासाठी रात्री लवकर झोपावं लागतं. झोप कापून पहाट मिळवली, तर दुपारपर्यंत पेंग येऊन ती हातची जाते.

दुसरी सोय म्हणजे अभ्यासिका. ठाण्यात आणि नवी मुंबईत, विशेषतः स्टेशनांच्या आसपास, महिन्याच्या भाड्याने बसायची जागा देणाऱ्या अभ्यासिका आहेत. सीए आणि एमपीएससीची मुलं तिथे बसतात. पण नोकरदारालाही जागा मिळू शकते, चौकशी करावी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ पासून उभं आहे. गप्प बसून काम करणारी माणसं आजूबाजूला असली की आपलंही बूड स्थिरावतं. अभ्यासिकेत फोनवर बोलता येत नाही. मीटिंग घरी आणि जुळवणी तिथे, अशी वाटणी केली तर रोज दोन-तीन तासांची जागा घेतली तरी भागतं.